सोबतीचा भरवसा किती?

सुरतेचा कापडबाजार दिवाळीला एकदा बंद झाला की लाभपंचमीपर्यंत उघडत नाही, आणि शाळांना तर तीन आठवड्यांची सुटी असते. त्यामुळे आपल्या मराठी घरांतून प्रवासाचे बेत गणपती उठले की शिजू लागतात. पूर्वी हे बेत पंढरपूर, अष्टविनायक, फार तर काशी-प्रयागापर्यंत जात. आता निवृत्त झालेली वडील मंडळी श्रीनगर, काठमांडू, कोलंबो, कैरो ही नावे तितक्याच सहजतेने उच्चारतात. पैसे बहुधा मुलगा भरतो, आणि त्याला स्वतःला रजा नसल्यामुळे आईवडिलांना तो एखाद्या यात्राकंपनीच्या स्वाधीन करतो. घरातील कोणीतरी शंका काढतेच, की तिकडे मध्यंतरी काही गडबड झाली होती ना? त्यावरचे उत्तर ठरलेले असते. “ते काय एकटे जाणार आहेत? कंपनीचा माणूस पूर्णवेळ बरोबर असतो.” येथे चर्चा संपते. खरे तर ती येथून सुरू व्हावी, असे मला वाटते.

सोबतीने पुष्कळ गोष्टी टळतात, हे आधीच मान्य केले पाहिजे. परमुलखात भाषा येत नाही, चलनाचा हिशेब लागत नाही, पथ्याचे जेवण मिळत नाही, अपरात्री छातीत दुखू लागले तर डॉक्टर कोठे शोधावा हे कळत नाही. अशा वेळी जाणता माणूस जवळ असणे हे मोठेच सुख होय. चुकामूक, फसवणूक, आजारपण या संकटांवर वाटाड्या हा खरा उपाय आहे, आणि साठी उलटलेल्या प्रवाशाला अधिक वेळा गाठतात ती हीच संकटे. पण दरड कोसळणे, बस नदीत जाणे, गोळीबार, दंगल ही निराळ्या जातीची संकटे आहेत. त्यांच्यापुढे वाटाड्याचे ज्ञान एकाच प्रकारे उपयोगी पडते. तो वेळीच ‘आज जायचे नाही’ असे म्हणू शकला तर. म्हणून जोखमीच्या मुलखातील एखादी सहल कितपत सुरक्षित आहे हे ठरविताना देशाचे नाव मी मागाहून विचारतो. आधी विचारतो ते हे, की ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, आणि तसे म्हटल्याने त्याचे स्वतःचे नुकसान किती होणार आहे.

हा प्रश्न सुरतेला नवा नाही. मोगलांच्या काळी बंदरात उतरलेला माल आणि माणसे येथून बुऱ्हाणपूर, अहमदाबाद, आग्र्याकडे जात, तेव्हा वाटा निर्धोक नव्हत्या. गुजरातेत त्या काळी प्रवासी मंडळी चारण किंवा भाट सोबतीला घेत. १६६६ साली सुरतेस उतरलेल्या थेवेनो या फ्रेंच प्रवाशाने आपल्या प्रवासवर्णनात या सोबतीचा उल्लेख केला आहे. चारणाचा दरारा त्याच्या तलवारीमुळे नसे. लुटारू आडवे आले तर तो स्वतःच्याच अंगावर कट्यार चालवून घेण्याची, प्रसंगी प्राण देण्याची धमकी देई, आणि चारणाच्या मरणाचे पातक माथी घ्यायला दरोडेखोरही धजत नसे. या प्रकाराला गुजरातीत ‘त्रागू’ म्हणत. आपण घरात ‘उगाच त्रागा करू नकोस’ म्हणतो तो शब्द याच कुळातला. मोल्सवर्थच्या कोशात, समोरच्याला अडचणीत आणण्यासाठी स्वतःला जखमी करून घेणे वा जीव देणे, हाच त्याचा मूळ अर्थ दिलेला आढळतो. या व्यवस्थेतील खुबी अशी, की सोबत्याने आपला जीवच तारण ठेवलेला असे. प्रवासी लुटला गेला तर त्याची किंमत सोबत्याला प्रथम मोजावी लागे. अर्थात पापाला भिणाऱ्या माणसापुढेच ही युक्ती चाले. पुराने फुगलेल्या तापीपुढे चारणाच्या कट्यारीचा काही उपयोग नव्हता.

आणि वाटाड्याचा जीव तारण असला म्हणजे सारे साधले, असेही नाही. येथे थोडे दूर, न्यूझीलंडला जावे लागेल. हा देश कोणत्याही मोजमापाने सुरक्षित. पण त्याच्या किनाऱ्याजवळ फाकारी नावाचे ज्वालामुखीचे बेट आहे आणि तेथे मार्गदर्शकासह सहली जात असत. १८ नोव्हेंबर २०१९ रोजी तेथील भूशास्त्रज्ञांनी या ज्वालामुखीची धोक्याची पातळी एकवरून दोनवर नेली. ही बातमी उघड होती. सहली मात्र चालूच राहिल्या. ९ डिसेंबरला दुपारी स्फोट झाला तेव्हा बेटावर ४७ माणसे होती. त्यांपैकी २२ दगावली. मृतांत सहलीबरोबर गेलेले दोन मार्गदर्शकही होते. त्यांनी कोणाला जाणूनबुजून संकटात लोटले असे कोण म्हणेल? धोका आहे असे त्यांना वाटते तर ते स्वतः गेलेच नसते. रोज जाऊन रोज सुखरूप परत येणाऱ्या माणसाची भीती झिजते, आणि ज्याची भीती झिजली आहे त्याच्याच चेहऱ्याकडे पाहून आपण आपली भीती मोजत असतो. यात्राकंपनीचा माणूस ‘मी स्वतः चाळीस वेळा जाऊन आलो’ असे सांगतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. पण ते वाक्य पुरावा म्हणून फारसे कामाचे नाही.

आता आपल्या घराजवळची हकीकत. १० जुलै २०१७ रोजी अमरनाथचे दर्शन आटोपून परतणाऱ्या गुजराती-मराठी यात्रेकरूंच्या बसवर काश्मिरात अनंतनाग जिल्ह्यातील बोटेंगू गावाजवळ अतिरेक्यांनी गोळीबार केला. यात्रेकरू मुख्यतः वलसाडकडचे आणि डहाणूकडचे, म्हणजे आपल्या रोजच्या लोकलगाडीच्या वाटेवरचे. सातजण तेव्हाच गेले, आठव्याने नंतर प्राण सोडला. दुसऱ्या दिवशी वायुसेनेच्या विमानाने पार्थिव देह आले ते सुरतेच्या विमानतळावर. बस चालविणारा वलसाडचा सलीम शेख याने गोळ्यांच्या वर्षावात गाडी न थांबविता पुढे नेली आणि पन्नासाच्या आसपास प्राण वाचविले. त्याचे कौतुक सर्वांनी केले व ते योग्यच होते.

पण त्या दिवसाची दुसरीही एक बाजू आहे आणि तिचा विचार आपण कमी केला. यात्रेच्या वाहनांना सुरक्षादलाच्या संरक्षणात ताफ्याने नेण्याची व्यवस्था त्या वर्षी होती, आणि सायंकाळी सातनंतर महामार्गावर यात्रेची वाहने असू नयेत असा नियमही होता. ही बस ताफ्यात नव्हती. श्रीनगरहून ती सायंकाळी निघाली, वाटेत चाक पंक्चर झाल्याने खोळंबली आणि हल्ला झाला तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते. गोळी झाडणाऱ्याचे पाप पंक्चरवर ढकलावे असा याचा अर्थ मुळीच नाही. तथापि काश्मीरला जाणे सुरक्षित आहे काय, या मोठ्या प्रश्नाच्या पोटात एक लहान प्रश्न दडलेला होता. अंधार पडल्यावर पुढे जायचे की नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिल्लीतही कोणापाशी नसेल. दुसऱ्याचे मात्र निघण्यापूर्वीच ठरवून ठेवता येते.

नेपाळविषयी तर आपली समजूत अशी, की तो परदेशच नव्हे. पासपोर्टावाचून मतदार ओळखपत्रावर जाता येते, पशुपतिनाथ आपला, भाषाही अर्धीमुर्धी समजते. २३ ऑगस्ट २०२४ रोजी पोखऱ्याहून काठमांडूकडे जाणारी यात्रेकरूंची बस तनहुं जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. सत्तावीस माणसे गेली. ती बहुतेक वरणगाव, भुसावळ या भागांतली होती. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या वस्त्यांतील वाचकांना अधिक सांगावयास नको. सुरत-भुसावळ ही रेल्वेची वाट म्हणजे आपल्यापैकी हजारो घरांची नाळ आहे, आणि त्या दिवशी सुरतेतील कितीतरी घरांतून खानदेशात फोन गेले.

त्या बसचा अपघात नेमका कोणाच्या चुकीने झाला, याचा निवाडा करणे हे माझे काम नाही. मी फक्त पंचांगाकडे बोट दाखवितो. तो श्रावण महिना होता. आपल्याकडे श्रावण हा देवदर्शनाचा महिना. हिमालयाच्या उतारांवर तोच दरडींचा आणि फुगलेल्या नद्यांचा. त्याच वर्षी १२ जुलैला चितवन जिल्ह्यात सिमलताल येथे दरड कोसळून दोन प्रवासी बसगाड्या त्रिशूली नदीत वाहून गेल्या होत्या आणि त्यांत साठाहून अधिक माणसे होती. म्हणजे सहा आठवड्यांपूर्वीच त्या मुलखाने आपला स्वभाव दाखविला होता. नेपाळ सुरक्षित आहे का, असे विचारणाऱ्याला मी म्हणेन, की कार्तिकातील नेपाळ आणि श्रावणातील नेपाळ हे दोन निराळे देश समजावेत. यात्राकंपनी दोन्ही महिन्यांत सहली काढते, कारण दोन्ही महिन्यांत माणसे मिळतात. श्रावणात तर अंमळ जास्तच मिळतात.

देशाचे नाव हे माप किती ढोबळ असते, हे सुरतकराइतके कोणाला ठाऊक असणार? १९९४ च्या सप्टेंबरात आपल्या शहरात प्लेग आला. मृत्यूंची संख्या पन्नासच्या आसपास राहिली. पण काही दिवसांतच लाखो माणसे शहर सोडून गेली, आखाती देशांनी भारताकडील विमाने थांबविली, आणि ज्यांना सुरत नकाशावर दाखविता आली नसती अशा परदेशी प्रवाशांनी ताजमहालाच्या सहली रद्द केल्या. आग्रा येथून किती दूर! पुढे दोनच वर्षांत सुरत देशातील स्वच्छ शहरांत गणली जाऊ लागली. बाहेरच्या मनातील भीती ओसरायला मात्र त्याहून अधिक काळ गेला. सरकारी इशाऱ्यांचेही असेच असते. अमेरिकी सरकार २०१८ पासून जगातील देशांना चार पायऱ्यांवर बसविते; २०२५ च्या जूनमध्ये आपला भारत त्यात दुसऱ्या पायरीवर होता. ते वाचून आपल्याला हसू येईल वा राग येईल, पण मग दुसऱ्या देशाविषयीची तशीच पायरी वाचताना तेवढाच सावधपणा ठेवावा. आपले परराष्ट्र मंत्रालय असे क्रमांक देत नाही. ते आणि तेथील आपला दूतावास वेळोवेळी सूचना काढतात. त्या अवश्य वाचाव्यात, त्यातही कोणता प्रांत, कोणता रस्ता, कोणती सरहद्द यांची नावे दिली आहेत ते पाहावे. नाव घेऊन दिलेला इशारा गंभीर समजावा. ‘सावध राहावे’ एवढेच म्हणणारा इशारा काशीलाही लागू पडतो.

सोबतीची बाजू भक्कम करणारा प्रसंगही अलीकडचाच आहे. ८ सप्टेंबर २०२५ रोजी काठमांडूत आणि नेपाळात इतरत्र तरुणांच्या मोर्चांवर गोळीबार होऊन त्या एका दिवसात १९ जण मरण पावले; दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला, संसद आणि सिंहदरबार पेटले, हिल्टनसारखे मोठे हॉटेल जळाले, आणि विमानतळ बंद झाला तो १० तारखेच्या सायंकाळपर्यंत. महाराष्ट्रातले पुष्कळ प्रवासी तेव्हा तेथे अडकून पडले. अशा वेळी एकट्यादुकट्या माणसाची जी त्रेधा उडते ती ठरलेल्या मंडळीबरोबर असणाऱ्याची उडत नाही. कोणीतरी डोकी मोजतो, कोणीतरी दूतावासाशी बोलतो, औषधे संपलेल्या आजींची गोळी कोणाच्या तरी पिशवीत निघते. पण या सर्वांचे मूळ एका गोष्टीत असते. जागेवरचा माणूस मुंबईच्या कचेरीस न विचारता ‘आज हॉटेलाबाहेर कोणी पडायचे नाही’ असे सांगू शकला पाहिजे. त्याला तो अधिकार दिलेला नसेल, तर तो केवळ चहा-नाश्त्याची वेळ सांगणारा माणूस उरतो.

आणि काही संकटे अशी, की तेथे वाटाडा, महिना, वेळ कशाचेच चालत नाही. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळच्या बैसरन कुरणात २६ माणसे मारली गेली. त्यांत महाराष्ट्रातील सहा आणि गुजरातेतील तीन होते, आणि या तिघांत एक आपल्या सुरतेचा. घोडेस्वारी करविणारा एक स्थानिक तरुणही त्यात गेला. भर दुपार होती, हंगाम ऐन भरातला होता, हजारो प्रवासी त्या आठवड्यात तेथे जाऊन आले होते. २१ एप्रिल २०१९ ला ईस्टरच्या दिवशी कोलंबोच्या हॉटेलांत जे बॉम्बस्फोट झाले त्यांचेही तसेच. भारताने श्रीलंकेला आगाऊ सूचना दिलेली होती. पण ती न्याहारीला बसलेल्या प्रवाशापर्यंत पोचण्याची काही सोय नव्हती. असे काही आपल्या वाट्याला येईल काय, याचे उत्तर कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकात मिळणार नाही. तेवढी जोखीम पत्करून जायचे की घरी राहायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझे म्हणणे एवढेच, की या न टळणाऱ्या जोखमीच्या नावाखाली टळण्याजोगी जोखीम खपवून घेऊ नये.

टळण्याजोगी जोखीम पत्करली जाते ती बहुधा पैशांपायी. विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ आपल्या घरांत अनेकांनी वाचले असेल. कोकणातल्या वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली उत्तरेस निघाला तो घरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवायला. वाटेत महूच्या बाजूस, लवकरच मोठे बंड होणार आहे, असे त्याला शिपायांकडूनच कळले होते. तरी तो मागे फिरला नाही. पुढे झाशीचा वेढा त्याने डोळ्यांनी पाहिला, वारंवार लुटला गेला आणि बरोबर काय आणले तर गंगेची कावड. त्याच्या त्या हट्टामुळे मराठीला एक अजोड पुस्तक लाभले, हा आपला फायदा. त्याच्या घरच्या मंडळींची ती दोन-अडीच वर्षे कशी गेली असतील, हे निराळे.

आजच्या प्रवाशाचेही असेच होते. पैसे भरलेले असतात, विमानाची तिकिटे परत होणारी नसतात, चिवड्याचे डबेही भरून तयार असतात. अशा वेळी ‘नको जाऊ या’ म्हणणारा घरचा शत्रू ठरतो. यात्राकंपनीचेही तेच. हॉटेलाचे, बसचे पैसे तिने आगाऊ दिलेले असतात. पोखऱ्याला एक दिवस अधिक राहायचे तर चाळीस माणसांच्या खोल्यांचा खर्च कोणी सोसायचा? हा खर्च कोणी सोसायचा हे आधी लिहून ठेवलेले नसेल, तर पावसातही बस निघते. म्हणून माहितीपत्रकातील बर्फाची चित्रे पाहण्याआधी मागल्या पानावरची बारीक अक्षरे वाचावीत. सहल मध्येच थांबली तर काय परत मिळते? कंपनीने रद्द केली तर किती, आपण रद्द केली तर किती? मुक्काम लांबला तर राहण्या-जेवणाचे काय? ज्या कंपनीने याची उत्तरे स्पष्ट लिहिली आहेत, तिच्या माणसाला ‘थांबा’ म्हणणे सोपे जाते. थोडे महाग पडले तरी मी तीच पत्करीन.

विम्याची गोष्ट तर विचित्रच आहे. स्वित्झर्लंडसारख्या निर्धास्त देशाच्या व्हिसासाठी तीस हजार युरोंचा आरोग्यविमा दाखविल्याशिवाय अर्जच पुढे सरकत नाही. नेपाळला मात्र व्हिसा नाही, म्हणून कोणी विमा विचारीत नाही, म्हणून आपणही काढीत नाही. जेथे रस्ता वाईट आणि रुग्णालय दूर, तेथेच आपण उघड्यावर. काढलाच तर युद्ध, बंड, दंगल यांतले नुकसान त्यात धरले आहे की नाही ते पाहावे, अनेक पॉलिसींत ते वगळलेले असते. आजाऱ्यास विमानाने हलविण्याचा खर्चही असाच वाचून घ्यावा.

तेव्हा पैसे भरण्यापूर्वी मुलाने किंवा सुनेने कंपनीच्या कचेरीत स्वतः जाऊन बसावे आणि ज्याच्या हाती आईवडील सोपवावयाचे त्याच माणसाशी बोलावे. काउंटरवरच्याशी बोलून उपयोग नाही. सहलीबरोबर येणारा सुरतेपासून सुरतेपर्यंत तोच राहणार, की काठमांडूत दुसऱ्याच्या हवाली करून परतणार? डोंगरातल्या रस्त्यावर बस चालविणारा त्याच रस्त्याचा सरावलेला आहे, की मैदानातून बस घेऊन आलेला? चालक एक की दोन? कोणत्या दिवशी किती तास बस चालणार, आणि दिवस मावळल्यावर ती रस्त्यावर असणार काय? मागे कधी सहल अर्ध्यातून थांबविली होती काय, आणि कशामुळे? या शेवटच्या प्रश्नाला ‘आमची एकही सहल कधी थांबली नाही’ असे उत्तर अभिमानाने आले, तर उठून यावे.

घरी ठेवावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. रोजच्या मुक्कामाचे हॉटेल व फोन लिहिलेला कागद, ओळखपत्रांच्या प्रती, रोजच्या औषधांची यादी, आणि तेथील भारतीय दूतावासाचा आणीबाणीचा क्रमांक. परदेशात अडलेल्यांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे. त्यावर तक्रार कशी नोंदवावी हे घरातल्या एकाने तरी आधी पाहून ठेवावे. आईला रोज रात्री ठरलेल्या वेळी एक निरोप पाठविण्यास सांगावे. ती म्हणेल, ‘काय लहान मूल आहे का मी?’ म्हणू द्यावे.

आणि यंदा ज्यांचा बेत नेपाळचा ठरत आहे त्यांनी तारखा कोजागिरीनंतरच्या मागाव्यात. त्या तारखांना जागा शिल्लक नाही, श्रावणात मात्र सवलतीच्या दरात आहे, असे सांगण्यात येईल. सवलत कशाची आहे ते तेथेच विचारावे.